माझी ‘अकुशल’ आई

माझ्या आईच्या पगाराच्या चिठ्ठीवर तिच्या नावापुढे दर महिन्याला एक शब्द छापून यायचा : अकुशल. नाशिकमधल्या एका खासगी कंपनीच्या कार्यालयात तिने सात वर्षे फरशी सांभाळली. फरशी कंपनीची, पगार ठेकेदाराचा आणि शिक्का ‘अकुशल’चा. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. श्रम, जात, वर्ग यांवर पानंच्या पानं लिहिली. पण त्या शब्दाकडे मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. 2023 च्या पावसाळ्यात आई त्याच फरशीवर पडली, तेव्हा पाहावं लागलं.

आधी फरशीबद्दल सांगते. कारण आपल्याकडे श्रमाच्या प्रश्नावर भाषणं भरपूर होतात, पण ते काम नेमकं काय आहे हे कुणी विचारत नाही.

त्या कार्यालयात शहाबादी किंवा व्हिट्रिफाइड नव्हती, विनाइल कंपोझिशन टाइल होती. अमेरिकेतल्या शाळा, दवाखाने, दुकानं यांत ही टाइल पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. फूटभर लांब, फूटभर रुंद, जाडी जेमतेम 3 मिलिमीटर. तिच्यात मुख्य माल असतो चुनखडीची भुकटी. ती विनाइलमध्ये बांधून दाबलेली असते. म्हणून ही टाइल सच्छिद्र असते, मळ पिते. तिच्यावर फ्लोअर फिनिशचे तीन ते पाच पातळ थर चढवावे लागतात. आपल्या बाया त्याला सरळ ‘पॉलिश’ म्हणतात. लोक ज्याला चमक म्हणतात ती टाइलची नसते, त्या थरांची असते.

रोजचं काम म्हणजे आधी कोरडा मॉप फिरवून माती काढायची. माती राहिली तर बुटाखाली ती पॉलिश पेपरचं काम करते आणि थर खरवडते. मग सौम्य क्लीनरच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला मॉप. फिनाइल ओतून बादल्या उपड्या करायच्या नाहीत. पाणी सांध्यात शिरलं की खालचा गोंद सुटतो. ॲसिड तर नाहीच, ते चुनखडी खातं. आई म्हणायची, “जमिनीला पाणी नको गं, ओल पाहिजे. पाणी झालं की टाइलीचा कोपरा कान टवकारतो.”

थर जुने होऊन पिवळे पडले की सगळे उतरवायचे. त्याला ‘स्ट्रिपिंग’ म्हणतात आणि खरी परीक्षा तिथे असते. तीव्र अल्कली द्रावण पसरायचं, दहाएक मिनिटं मुरू द्यायचं, पण वाळू द्यायचं नाही. मशीनला काळं पॅड लावून घासायचं. हे मशीन ढकलून चालत नाही. हँडल जरा उचललं की ते उजवीकडे जातं, दाबलं की डावीकडे. नवीन माणसाला ते भिंतीवर नेऊन आपटतं. मग तो काळा चिखल ओढून घ्यायचा आणि साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, कारण अल्कली मागे राहिली तर नवं पॉलिश धरत नाही. नंतर थरावर थर, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं आणि मागे मागे सरकत दाराशी यायचं.

हे मागे सरकणं आईला कुणी शिकवावं लागलं नाही. दिंडोरी तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या घरात ती शेणाने सारवायची. सारवणारी बाई कोपऱ्यातून सुरू करते आणि उंबऱ्याशी संपवते. स्वतःच्या ओल्या कामावर पाय पडणार नाही याचा हिशेब तिच्या अंगातच असतो. बाकीचं तिने आधीपासून तिथे असलेल्या एका बाईकडून शिकून घेतलं. ठेकेदाराने एक दिवसाचंही प्रशिक्षण दिलं नव्हतं.

आता मला सांगा, यात अकुशल काय आहे? कोणत्या पदार्थावर कोणतं रसायन चालतं, किती वेळ ठेवायचं, किती पाण्यात मिसळायचं हे ज्ञान नाही? संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली तर क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुस जाळतो, हे माझ्या आईला माहीत होतं. मला नव्हतं. डब्यावरची सूचना इंग्रजीत होती. आईला मराठी वाचता येतं, पण ती सूचना तिच्यासाठी छापलेलीच नव्हती.

त्या शनिवारी रात्री स्ट्रिपिंग होतं. ओलं द्रावण पसरलेली फरशी साबणापेक्षा निसरडी असते. अशा कामाला न घसरणारे बूट लागतात. आईच्या पायात रबरी चप्पल होती. रात्री अकराच्या सुमारास ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. सोबतच्या बायांनी तिला रिक्षात घालून पंचवटीत मावशीकडे आणलं. मी दिंडोरीहून पहाटेच्या पहिल्या एसटीने पोहोचले, तेव्हा आई पहिलं काय बोलली असेल? “काम अर्धं राहिलं, वाळलं असेल ते.”

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “मॅडम, बाई घरी पडल्या असं लिहून द्या, पाच हजार देतो.” पगारातून कर्मचारी राज्य विम्याचे म्हणजे ईएसआयचे पैसे दर महिन्याला कापले जात होते. विमा क्रमांक मात्र कधी दिला नव्हता. विचारलं तर “प्रोसेसमध्ये आहे.” सात वर्षे प्रोसेसमध्ये!

इथे माझं शिक्षण कामी आलं, हे मी नाकारणार नाही. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या ईएसआय कायद्याप्रमाणे कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची होती, ठेकेदाराची नंतर. कामावर इजा झाली तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मजुरीच्या 90 टक्के मिळतो आणि त्यासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी पडलात तरी हक्क आहे. मी कंपनीला लेखी पत्र दिलं. पुरावा मागितला गेला. तो होता रखवालदाराच्या वहीत : कोण किती वाजता आत गेलं, कोण किती वाजता कसं बाहेर आलं. आणि सोबतच्या पाच बाया साक्षीला उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोघी कोकणा आदिवासी, एक मुस्लिम, दोघी आपल्या. नोकरी जाईल हे माहीत असून उभ्या राहिल्या.

आई मात्र मला अडवत होती. “तू पत्र देशील आणि जाशील तुझ्या मीटिंगला. त्या बायांची चूल बंद झाली तर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्रमांक निघाला, लाभ मिळाला. पण सहा महिन्यांनी कंत्राट दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं आणि नव्या यादीत आईचं नाव नव्हतं. साक्ष दिलेल्या दोघींचंही नव्हतं. याला विजय म्हणायचं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मित्रहो, हे एका ठेकेदाराच्या लबाडीचं प्रकरण नाही. झाडू आणि मॉप यांना कायद्याच्या दारात कसं वागवलं गेलं ते पाहा. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा आला. 9 डिसेंबर 1976 ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणं, साफसफाई, धूळ पुसणं आणि पहारा या कामांसाठी कंत्राटी मजूर लावायला बंदी केली. एअर इंडियाच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बंदी असेल तिथे कंत्राटी कामगार मूळ मालकाचेच कामगार ठरतात. पाच वर्षांत, ऑगस्ट 2001 मध्ये, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल फिरवला आणि 1976 ची अधिसूचनाही रद्द केली. पुढे 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने ‘मुख्य काम’ कंत्राटावर द्यायला बंदी घातली, पण मुख्य काम कशाला म्हणायचं नाही याची यादीही दिली. त्या यादीत झाडणं, साफसफाई, धूळ पुसणं, कचरा उचलणं आहे. आस्थापनाच त्या कामासाठी उभी नसेल तर हे काम मुख्य नाही. म्हणजे कायमस्वरूपी कंत्राटावर द्यायला मोकळं.

एक दिवस फरशी पुसली नाही तर ज्यांचं कार्यालय चालत नाही, त्यांच्या लेखी ते मुख्य काम नाही. गावात आपली वस्ती कुठे होती? गावाबाहेर. पण गाव आपल्याशिवाय चालत नव्हतं. संहितेच्या या यादीत मला तोच नकाशा दिसतो.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘जातिनिर्मूलन’मध्ये मांडलं की जातिव्यवस्था कामं वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि त्यांना उतरंडीत बसवते. आज त्या उतरंडीला इंग्रजी नावं आहेत. ‘हाऊसकीपिंग स्टाफ’ला लिफ्ट वेगळी, डबा खायची जागा जिन्याखाली. 2 मार्च 1930 ला याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा प्रश्न होता त्या फरशीवर पाऊल ठेवण्याचा. आज फरशीवर पाऊल ठेवता येतं, हातात मॉप असेल तोवर.

आता आपल्याच लोकांचा आक्षेप घेते, कारण तो खरा आहे. कार्यकर्ते म्हणतात, “ताई, बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितलं. तुम्ही झाडूचं गुणगान करता?” नाही. सफाईच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवायचं आणि ते करणाऱ्याला तिथेच ठेवायचं, या गांधीवादी युक्तीचा बाबासाहेबांनी 1945 च्या पुस्तकात कठोर समाचार घेतला आहे. मीही तो गौरव मागत नाही. मी मागते दाम, बूट, हातमोजे, विमा आणि सोडून जाण्याची मुभा. कामाला कुशल म्हणणं म्हणजे त्याची पूजा करणं नव्हे, त्याची किंमत मोजणं. आणि दुसरी गोष्ट : ‘सोडा’ म्हणणारे आपण, ज्यांना सोडता आलं नाही त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलो. त्यात मी पहिली. एम.ए.ला असताना मैत्रिणींनी विचारलं, आई काय करते? मी म्हणाले, “ऑफिसला असते.” खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

जगात हे वेगळ्या तऱ्हेने लढलेलं आहे. लॉस एंजेलिसमध्ये 1990 साली कार्यालयांच्या फरशा पुसणारे कामगार, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, संपावर गेले. 15 जूनला सेंच्युरी सिटीत पोलिसांनी त्यांना झोडपलं. तरी ते हटले नाहीत आणि त्यांनी करार मिळवला. त्यांची खरी चाल अशी की त्यांनी फक्त ठेकेदाराला धरलं नाही, इमारतींच्या मालकांना चव्हाट्यावर आणलं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे खटला लढवला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांचा कायमपणाचा हक्क मिळवला. धडा एकच : बोट ठेकेदाराकडे नको, मालकाकडे दाखवा.

आणि धम्म काय सांगतो? विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंनी राहती जागा कशी साफ करावी याचे नियम आहेत. रंग दिलेली जमीन डागाळली असेल तर फडकं भिजवून, पिळून पुसावी. जमीन साधी मातीची असेल तर आधी पाणी शिंपडून झाडावी, म्हणजे धूळ उडणार नाही. हे वाचलं तेव्हा मी आईला हाक मारली. ती ऐकून म्हणाली, “मग भगवंतालाही ठाऊक होतं, पिळून घ्यायचं ते.” ज्या संघात बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सांगितलेला झाडूवाला सुनीत सामील झाला, त्या संघात हे नियम सगळ्यांना होते. पूर्वाश्रमीच्या ब्राह्मणालाही आणि राजपुत्रालाही. झाडणं ही कुणा एकाची जात राहिली नाही, इथे क्रांती झाली.

पण आमच्या वस्तीतल्या विहाराची फरशी कोण पुसतं? बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाया. भाषण कोण करतं? पुरुष. मागच्या वर्षी मी पाळीचा तक्ता मांडला, समितीच्या सर्व सदस्यांची नावं घालून. एक ज्येष्ठ काका रागावून उठून गेले. आता चौघे पुरुष नियमाने येतात. काका अजून येत नाहीत. आई डाव्या हाताने त्या चौघांना मॉप पिळायला शिकवते.

वाचकहो, तुम्ही बँकेत, दवाखान्यात, कार्यालयात काम करत असाल तर उद्या तीन प्रश्न विचारा. इथली फरशी पुसणाऱ्या बाईच्या हातात विमा क्रमांक आहे का? तिच्या पायात बूट आहेत का? तिच्या हातातल्या डब्यावरची सूचना मराठीत आहे का? प्रश्न ठेकेदाराला नको, तुमच्या साहेबाला विचारा. आणि लेखी विचारा.

आईचं मनगट पाऊस आला की दुखतं. तिच्या जुन्या चिठ्ठ्या मी फाईलला लावून ठेवल्या आहेत. त्या शब्दावर मी काट मारलेली नाही. ती काट मालकाच्या पेनाने मारून घ्यायची आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.