‘लॅप्स’ होणे

गेल्या वर्षी कारखान्याचे ऊसबिल उशिरा आले, विम्याचा हप्ता चुकला आणि एजंट सांगून गेला, “पॉलिसी लॅप्स झाली.” कोणी केली? कोणीच नाही, ती आपली झाली! हा शब्द इंग्रजी आहे, हे आमच्या आजीच्या गावीही नाही. मी मात्र कुतूहलाने त्याचे मूळ शोधले. लॅटिन ‘लाबी’ म्हणजे घसरणे, निसटणे. ‘लाप्सुस’ म्हणजे घसरलेला. कोलॅप्स, रिलॅप्स ही त्याचीच भावंडे. इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात तर धर्मगुरू नेमण्याचा हक्क आश्रयदात्याने सहा महिन्यांत बजावला नाही, की तो ‘लॅप्स’ होऊन बिशपकडे जाई. हक्क आपोआप वरच्याकडे जातो, ही यातली खरी गोम.

कारण हेच क्रियापद १८४८ साली आमच्या साताऱ्यात येऊन पोहोचले. ५ एप्रिलला छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. १८१९ च्या तहात वारसांचा उल्लेख होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा कौलही दत्तकाच्या बाजूनेच होता. तरी डलहौसीने दत्तक नाकारला आणि १८४९ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. इंग्रजीत राज्य ‘लॅप्स’ झाले. क्रियापद अकर्मक! जणू पाडाचा आंबा गळून कंपनीच्या ओटीत पडला. मराठीत आपण ‘राज्य खालसा केले’ म्हणतो, आणि ‘केले’ म्हटले की कर्ता हजर करावाच लागतो. (‘खालसा झाले’ असेही लिहितात म्हणा, इतिहासाच्या पेपरात मी तसे लिहिणार नाही.)

राज्ये खरोखरच आपोआप गळत असती, तर सांगलीही गळायला हवी होती. तिथले धुंडिराजराव तात्यासाहेब पटवर्धन १९०१ मध्ये पुत्राविना वारले. गादी १९०३ पर्यंत रिकामी राहिली, पण निसटली नाही. सरकारने पटवर्धन घराण्यातलाच तेरा वर्षांचा मुलगा निवडला; तेच दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब. मधल्या काळात १८५७ चा उठाव होऊन गेला होता, आणि दत्तक नाकारणे महागात पडते हे इंग्रजांना कळले होते. क्रियापद तेच, लॅटिन मूळ तेच. बदलली ती फक्त घेणाऱ्याची मर्जी.

पुढे १९४८ मध्ये सांगली मुंबई प्रांतात विलीन झाली. त्याला इंग्रजीत ‘मर्ज’ म्हणतात, आणि त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ आहे बुडवणे. कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकर मित्रांनी त्यावर पुढच्या अंकात लिहावे.