अंधारखोलीतला ‘फॅक्टर एक्स’

सत्तरच्या दशकात मी नेत्रविभागात शिकत होतो, तेव्हा मधुमेही रुग्णाचा डोळा आम्ही आधी अंधारखोलीत पाहत असू आणि मग कागदावर काढत असू. बाहुली मोठी करणारे थेंब घालून रुग्णाला बाकावर बसवायचं, ऑप्थॅल्मोस्कोप घेऊन त्याच्या चेहऱ्याला चेहरा भिडेल इतकं वाकायचं. एका वेळी डोळ्याच्या पडद्याचा लहानसा तुकडाच दिसे. असा तुकड्यातुकड्यानं सगळा पडदा पाहून झाला की रंगीत पेन्सिली निघत. रक्तस्राव लाल, शिरा निळ्या, चरबीचे साके पिवळे, आतल्या जेलीत रक्त उतरलं असेल तर हिरवा. सर चित्र हातात घेत, पुन्हा स्वतः डोळा पाहत आणि आमचा राहून गेलेला ठिपका नेमका दाखवत. आज ओसीटीचं यंत्र काही सेकंदांत पडद्याचा उभा छेद दाखवतं, सूज मायक्रॉनमध्ये मोजून देतं. मला ते यंत्र मनापासून आवडतं. पण हातानं काढलेला पडदा जसा वर्षानुवर्षं डोक्यात राहायचा, तसा स्क्रीनवरचा राहत नाही.

घरची तपासणीही निराळी होती. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटकरी झालं की साखर भरपूर. गोम अशी की रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. १७०वर रेंगाळणारा माणूस निळ्या रंगावर निर्धास्त राही आणि तिकडे पडद्यातल्या केशवाहिन्या एकेक करून बंद पडत. साखर काटेकोर ठेवली तर डोळा खरंच वाचतो का, यावर तेव्हा मोठमोठे डॉक्टर वाद घालत. तो वाद मिटला १९९३मध्ये. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात, आधी डोळा निरोगी असलेल्यांमध्ये काटेकोर उपचारांनी पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटलेला दिसला.

आमच्या वेळी खरं गूढ होतं ते ‘फॅक्टर एक्स’चं. आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं की प्राणवायूला आसुसलेला पडदा काहीतरी रसायन सोडत असावा आणि त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटत असाव्यात. ते रसायन कुणाच्या हाती लागलं नव्हतं. १९५३मध्ये डेन्मार्कच्या पॉलसन यांनी एका मधुमेही बाईची हकिगत लिहिली. बाळंतपणानंतर तिची पीयूषिका ग्रंथी निकामी झाली आणि डोळ्यांचा विकार ओसरला. तेवढ्या आशेवर पुढे कित्येक रुग्णांची ती ग्रंथीच काढून टाकण्यात आली. दृष्टीसाठी माणसं काय काय सोसायला तयार होती, ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

मग लेसर आला. चारा संपत आला की शेतकरी काही जनावरं विकून उरलेली जगवतो, तसा हा उपाय. पडद्याच्या कडेच्या भागात हजार-दीड हजार डाग द्यायचे, म्हणजे प्राणवायूची मागणी घटते आणि मधली नजर टिकते. बाजूचं दिसणं आणि रात्रीची नजर मात्र काहीशी जाते. आमच्या जिल्ह्यात लेसर नव्हता. चिठ्ठी देऊन रुग्णाला मुंबईला धाडायचं. एसटीचं भाडं जमेपर्यंत कुणाकुणाच्या डोळ्यात रक्त उतरलेलं असे.

फॅक्टर एक्सचा मुख्य सूत्रधार सापडला तो १९८९मध्ये. नेपोलियन फेरारा यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं केलं. १९९४मध्ये बोस्टनच्या लॉइड आयेलो यांच्या गटाला मधुमेहींच्या डोळ्यांतल्या द्रवात ते सापडलं: नव्या वाहिन्या फोफावत होत्या तिथे जास्त आणि लेसर यशस्वी झाल्यावर कमी. आम्ही इतकी वर्षं आंधळेपणानं जे करत होतो, त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

आज या रासायनिक निरोपाची सगळी वाट माहीत आहे. प्राणवायू पुरेसा असतो तेव्हा पेशी एचआयएफ नावाचं प्रथिन तयार होताच मोडून टाकते. तो कमी पडला की एचआयएफ टिकतं, केंद्रकात शिरतं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. व्हीईजीएफ शेजारच्या वाहिनीच्या अस्तरावरील ग्राहीला जाऊन चिकटतं. मग अस्तराच्या पेशींमधले सांधे ढिले होतात, पाणी झिरपतं, पडदा सुजतो. पुढे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि रक्तस्राव होतो. डोळ्यात देतात ती इंजेक्शनं हा निरोप ग्राहीपर्यंत पोचूच देत नाहीत. २०२२मध्ये आलेलं फॅरिसिमॅब अँजिओपोएटिन-२ हा दुसरा निरोपही अडवतं.

पण एक गोष्ट तेव्हाची तशीच राहिली आहे. पडदा दुखत नाही, म्हणून माणूस उशिरा येतो. तेव्हा उपाय हाताशी नव्हता. आता उपाय असून नजर जाते, हे मला सहन होत नाही. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. टाइप २ मधुमेह कळला की लगेच, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं, बहुधा दरवर्षी, थेंब घालून पडदा पाहून घ्या. काही तास धूसर दिसेल, तेव्हा गाडी चालवू नका. घरातलं कुणीतरी सोबत न्या.