बोट कुठे बघतं

हाड मोडलं की घरात लगेच दोन पक्ष पडतात. पावसात स्कूटर घसरली आणि माझ्या उजव्या तळहाताचं, करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड मोडलं. साडू म्हणाले, "ऑपरेशन करून तारा घालून घ्या, एकदाचं सरळ होईल." फुफी म्हणाली, "पहिलवानाकडे चल, लेप लावून बांधेल." ताजं हाड कुणाला चोळू द्यायची माझी तयारी नव्हती. मास्तरचा संसारच उजव्या हातावर. मराठीच्या तासाला तो फळ्यावर डावीकडून उजवीकडे जातो, उर्दूच्या तासाला उजवीकडून डावीकडे.

एक्स-रेत हाड वाकलेलं साध्या डोळ्यांनी दिसत होतं. साडूंचं मत तेवढ्यावरच ठरलं. डॉक्टरांनी मात्र फिल्म बाजूला ठेवली आणि हळूहळू मूठ मिटायला सांगितली. मूठ मिटताना सगळी बोटं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला झुकतात. करंगळी शेजारच्या बोटावर चढली, तर हाडाला पीळ पडला आहे असं समजायचं. तो पीळ तसाच जुळला तर मूठ कायमची अडते. माझी करंगळी चढली नाही.

उरला बाक. करंगळीच्या मुळाचं हाड मनगटाशी बरंच हलतं, त्यामुळे तिथे 40 अंशांपर्यंतचा बाक सहसा निभावून जातो. तर्जनीच्या हाडाला ही सवलत नाही, तिथे 10-15 अंशांच्या पुढे विचार करावा लागतो. म्हणजे शेजाऱ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आपलंही व्हावं, याला अर्थ नाही. जखम उघडी असेल किंवा सांध्यातले तुकडे सरकले असतील, तर मात्र ऑपरेशनला घाबरून घरी बसू नये.

ऑपरेशनही फुकटचं नसतं. तारेच्या तोंडाशी जंतू शिरू शकतात, चिरलं तर आतले बंध चिकटू शकतात. आणि प्लास्टर लांबलं की बोटं ताठरतात. म्हणून माझं प्लास्टर विचित्र दिसत होतं: बोटं मुळाशी वाकवलेली, पुढची पेरं सरळ. स्टाफरूममध्ये दोघांनी तर ते चुकलंय असंच ठरवलं. पण त्या स्थितीत सांध्याच्या बाजूचे बंध ताणलेले राहतात, आखडत नाहीत.

साडेतीन आठवड्यांनी ते निघालं. मग करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून रोज मूठ उघड-मीट, दात आवळून. आता खडू नीट धरता येतो. मूठ मिटली की शेवटचा उंचवटा तेवढा दिसत नाही. साडूंना तो खड्डा अजून खुपतो. फुफीचं म्हणणं, पहिलवानाने बांधलं असतं तर खड्डाही राहिला नसता.