बोट लागली

आग्वादचा दीपस्तंभ उजव्या हाताला आला आणि माझं बोलणं बंद झालं.

तोवर मी बरंच बोललो होतो. मांडवी ती गोव्यात. आम्हा बेळगावकरांची ती म्हादई. खानापूर तालुक्यात देगावच्या रानात तिचा उगम, आणि तिच्या पाण्यावरून कर्नाटक-गोव्याचं भांडण लवादापर्यंत गेलेलं. 'हे पाणी आमचं,' असं मी वेंगुर्ल्याला निघालेल्या आमच्या शिडाच्या बोटीच्या मालवणी तांडेलाला पणजीपासून ऐकवत होतो. तो दोर आवळत नुसता हसत होता.

नदीच्या मुखाशी वाळूचा उथळ दांडा आहे. मार्चातल्या सकाळी तिथे जमिनीवरचा मतलई वारा असायचा. त्या दिवशी मात्र वायव्येचा वारा रात्रभर थांबलाच नव्हता. लाट आत येऊ पाहते, ओहोटी तिला बाहेर रेटते, आणि मग ती आखूड, उंच होऊन जागेवरच फुटते. नाळ वर जाई, धाडकन खाली येई. आमच्याच म्हादईनं मला कठड्यावर ओणवं केलं.

बरोबरचा मित्र निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत वाढलेला. त्याला काही म्हणजे काही होईना. एका हातानं दोर धरून तो निवांत तंबाखू मळत होता. "लेका, दिलीप दोंदे एकटा पृथ्वी फिरून आला, आणि तुला आग्वाद ओलांडवंना व्हय?" दोंदे २००९च्या ऑगस्टात मुंबईहून निघाले, २०१०च्या मेमध्ये परतले, त्यांची बोट गोव्यातच, दिवाडी बेटावर बांधलेली, आणि तिचं नावही 'म्हादेई'. मला ठाऊक होतं सगळं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. मग त्यानं मायेनं कुंद्याचा डबा उघडला. त्या खरपूस खव्याच्या वासानं मी पुन्हा कठडा गाठला. बेळगावच्या माणसावर याहून वाईट वेळ येऊ नये.

वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट सरळ जात नाही. तिरकी, नागमोडी जाते. दर वळणाला ती दुसऱ्या कुशीवर कलंडे आणि माझं पोटही. मी खाली खोलीत जाऊन पडलो, तर आणखीच गरगरलं. तिथे डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, कानाला मात्र हलतंय ते कळतं. तांडेलानं मला हाताला धरून वर बसवलं, क्षितिजाकडे बोट दाखवलं, आणि दुपारी उकड्या तांदळाची पेज पुढे केली, वर मिठातली कैरी.

पेज हे आजाऱ्याचं खाणं, असं आम्ही भाकरीवाले समजतो. मी मान हलवली.

"पोटात कायतरी जावक व्हया. रिकाम्या पोटाक दर्या जास्त लागता."

पहिला घोट राहिला. दुसराही. कैरीचा खार जिभेला लागला तशी भूक कळली, आणि मी वाडगं पुन्हा पुढे केलं.

वेंगुर्ल्यापर्यंत पुढे सांगण्यासारखं काही नाही. मुरगावची रेल्वे १८८८च्या सुमारास येईपर्यंत बेळगावचा कापूस आंबोली घाटानं याच बंदरात उतरायचा. धक्क्यावर बसून मी त्या मालाबरोबर मुंबईला गेलेल्या घाटावरच्या माणसांचा विचार करत होतो. त्यांना पेज कोणी दिली असेल?

मित्र त्याच बोटीनं परत गेला. मी बेळगावची एसटी धरली. आंबोलीच्या वळणांवर मागच्या बाकावरच्या एक मावशी पिशवी शोधू लागल्या. "मावशी, पोट रिकामं ठेवू नका," मी म्हणालो.

"खाऊनच बसल्येय मेल्या," त्या म्हणाल्या, "खिडकी उघड आधी!"