क्रेनचा ब्रेक आणि माझी एक सही

रात्री उशिरा सिल्व्हर पार्क ते काशिमिरा या पट्ट्यात मेट्रो ९ च्या कामावरच्या क्रेन आपण सगळ्यांनी पाहिल्यात. सगळ्यांच्या माना वर, गर्डरकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये शहापूरजवळ समृद्धीच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले, तेव्हापासून तर जास्तच. मी मात्र चाकांकडे बघतो. क्रेन दुरुस्तीत आयुष्य गेलं, खोड जात नाही.

अनेक मोठ्या रफ टेरेन क्रेनचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि तो दाब देणारा पंप इंजिनवर. मग इंजिनच बंद पडलं तर? त्यासाठी अ‍ॅक्युम्युलेटर असतो. जाड पोलादी बाटलीसारखं भांडं, आत रबरी पिशवी नाहीतर पिस्टन. एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. पंप तेल भरतो, वायू दाबला जातो. इंजिन थांबलं की तोच वायू तेल ढकलतो आणि आणखी काही वेळा ब्रेक लागतो.

तेल गळलं तर खाली डाग दिसतो. नायट्रोजन गेला तर ना डाग, ना वास. इंजिन चालू आहे तोवर ब्रेक एकदम झकास!

घोडबंदर रोडच्या एका साईटवर क्रेन रॅम्पवरून उतरत होती. डिझेल फिल्टर चोक झाला, इंजिन बंद. ऑपरेटरने पेडल मारलं, जराशी धरली. दुसऱ्यांदा पेडल पोकळ. पार्किंग ब्रेकने पकडेपर्यंत सात-आठ फूट घसरली. पुढे चालणाऱ्या हेल्परने उडी मारली म्हणून वाचला, चप्पल चाकाखाली राहिली.

संध्याकाळी गेज लावलं. दोन्ही अ‍ॅक्युम्युलेटर शून्यावर. मी आधी नायट्रोजनचा सिलिंडर मागितला होता. "ब्रेक लागतोय ना? मग कशाला?" असं उत्तर आलं. बरं, कंत्राटदाराला शिव्या देऊन मोकळा झालो असतो, पण त्या महिन्याच्या चेकलिस्टवर 'ब्रेक ओके' लिहून सही माझीच होती.

तपासणी अवघड नाही. सपाट जागा, चाकांना ठोकळे, दाब पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि पेडल दाबत मोजा. किती वेळा ब्रेक लागायला हवा ते मशीनच्या पुस्तकात असतं. एक-दोनमध्ये खेळ संपला तर क्रेन उभी करा. नायट्रोजनचा दाब बघायचा तर आधी तेलाचा दाब पेडल मारून शून्यावर आणायचा, मग गेज. आणि भरायचा फक्त कोरडा नायट्रोजन. गॅस कटिंगचा ऑक्सिजन हाताशी असतो म्हणून मुद्दाम सांगतो, तो भरला तर तेलाशी मिळून स्फोट होतो.

क्रेनला दरवर्षी तपासणीचं सर्टिफिकेट लागतं. मी पाहिलेल्या बहुतेक सर्टिफिकेटांत हुक, वायर रोप, लोड टेस्ट, सगळं असतं. नायट्रोजनच्या दाबाचा रकाना मला क्वचितच दिसला. आपले नगरसेवक, इंजिनिअर साईटवर जातात तेव्हा हेल्मेट आणि बॅरिकेड बघून फोटो काढतात. त्यांनी एवढंच विचारावं: शेवटचं रीडिंग किती, तारीख काय, सही कोणाची?

तुमच्या ओळखीत कोणी क्रेनवर असेल तर त्याला हे पाठवा. गेज लावायला शिकायचं असेल तर रविवारी मी भाईंदरला घरीच असतो, मेसेज करा.