बजबजची हवा आणि माझा संगणक

माहुलहून यांची बदली बजबजच्या तेल डेपोत झाली, तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात जपून चढवलेलं खोकं माझ्या असेंबल्ड संगणकाचं होतं. पुण्याच्या प्रकाशकांची अक्षरजुळणी मी घरून करते. फ्रिज बंद पडला तर निभावतं, हा बंद पडून चालत नाही. चेंबूरला त्याने कधी कुरकुर केली नव्हती. इथल्या पहिल्याच पावसाळ्यात मात्र बटण दाबलं की नुसती पीं-पीं आणि पडदा काळा.

बजबज हे कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीकाठचं गाव. नदीलगत तेलाच्या टाक्या आणि तागाच्या गिरण्या, शेजारी पुजालीत कोळशावर चालणारं ७५० मेगावॅटचं वीज केंद्र. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. संगणकाला इथे काय सोसावं लागतं याचा अंदाज यावरून यावा.

जवळच्या एका दुकानदाराने डबा न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं सांगून टाकलं. खालच्या मजल्यावरचा डिप्लोमा करणारा मुलगा मात्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर आला, म्हणाला, "बौदी, आगे परिष्कार, तार पोरे बाकी कथा." म्हणजे वहिनी, आधी सफाई, मग बाकीच्या गोष्टी. झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली करडा-तपकिरी नमदाच जमलेला. त्यात धूळ कमी, तागाचे बारीक तंतू जास्त. कोरडी धूळ फुंकरीने उडते; तंतू ओल धरून पात्यांमध्ये गुंतून बसतात, हवा कोंडते आणि प्रोसेसर तापतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या. त्याने माझ्या मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, पट्ट्या हलक्या हाताने घासल्या, चुरा झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. पीं-पीं थांबली.

तेव्हापासून हे काम मीच करते. प्लग काढायचा, मग बटण दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने अडवायची. वाऱ्याने तो भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालायचा नाही, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडू झालेली असेल तर पूर्ण पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावायची. जास्त लावून जास्त गार होत नाही, फक्त चिकचिक वाढते.

खरा फरक पडला तो पंख्यांच्या मांडणीने. बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत ओढणारे जास्त ठेवले आणि त्यांच्यापुढे नायलॉनची जाळी लावली. आतला दाब किंचित जास्त राहतो, त्यामुळे फटींतून तंतू शिरत नाहीत. अडकतात ते जाळीवर, आणि जाळी नळाखाली धुता येते. बायोसमध्ये पंख्याचा वेगही तापमानाशी बांधून घेतला. आणखी एक, जे मला उलटं वाटायचं: पावसाळ्यात संगणक झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा. स्वतःच्याच उबेने तो कोरडा राहतो.

खरेदीला सियालदहची लोकल पकडून चांदनी चौक. (लोकल सुटते त्या स्थानकाचं नाव आता कोमागाटा मारू बजबज; २९ सप्टेंबर १९१४ ला कोमागाटा मारू जहाजातून उतरलेल्या प्रवाशांवर इथेच गोळीबार झाला होता.) चांदनीच्या गल्ल्यांत रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे आणि काचेचे डबे आधी दाखवतात. दिव्यांनी संगणक पळत नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि माझा म्हातारा तरुण झाला; मोठ्या पुस्तकाची फाइल उघडेपर्यंत चहा करून यायची सवय तेवढी मोडली. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरीही बदलली. ती मेली की घड्याळ वर्षानुवर्षं मागे जातं आणि ब्राउझर भल्या संकेतस्थळांनाही असुरक्षित म्हणू लागतो. लोक उगाच इंटरनेटवाल्याला फोन करतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. माझ्या यंत्रात विंडोज ११ बसेना, म्हणून आता नेटसाठी लिनक्स मिंट आणि जुन्या मराठी फॉन्टांच्या फाइलींपुरतं नेटशिवायचं विंडोज, अशी वाटणी केली आहे.

कीबोर्डची गंमत वेगळीच. देवनागरी छापलेला कुठे मिळेना, बंगाली अक्षरांचा मिळाला. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना सामाईक ठेवलेली असल्यामुळे इंग्रजी के च्या कळीवर त्यांचाही क, आपलाही क. मराठी मजकूर मी बंगाली अक्षरांवर बोटं ठेवून जुळवते. 'ळ' तेवढा आठवणीने.

चैत्र-वैशाखात संध्याकाळी कालबैशाखी येते. आभाळ काळवंडलं की मी प्लग तर काढतेच, राउटरकडून येणारी लॅनची तारही काढते. विजेचा झटका त्या वाटेनेही शिरतो. २० मे २०२० च्या अम्फान वादळाच्या गोष्टी घरमालकीण मासीमा अजून सांगतात. यूपीएस लाइन-इंटरॅक्टिव्ह घेतला, पण त्यावर लेझर प्रिंटर जोडत नाही, तो एकदम फार वीज ओढतो. या उकाड्यात यूपीएसच्या बॅटरीने दोन-तीन वर्षं काढली तरी पुष्कळ.

मासीमांच्या घरी डब्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सगळे म्हणत, ओल आहे म्हणून. वायरमनने मीटर लावला तर डबा आणि जमीन यांच्यात शंभरावर व्होल्ट. सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यामागे तारच नव्हती. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरची गळती वीज अर्थिंगवाटे जमिनीत जायची, ती अडून डब्यावर उभी राहत होती. प्रवाह अगदी थोडा, म्हणून जीव वाचतो. पण लाट आली तर तिला उतरायला वाट नसते. अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, झिणझिण्या गेल्या. नव्या रॅमचा नाही तर ग्राफिक्स कार्डाचा विचार करत असाल, तर आधी वायरमनला बोलावून तुमच्या सॉकेटची तिसरी पिन कुठे जोडलेली आहे ते तपासून घ्या. जुन्या घरांत ती पुष्कळदा नुसती नावाला असते.