पांढऱ्या रस्त्यावरची सायकल

मला सायकल येते, हे आमच्या ह्यांना लग्नानंतर एकोणतीस वर्षांनी कळलं, आणि तेही इटलीत! हसू नका मैत्रिणींनो, अगदी खरं सांगते. शाळेत असताना तासगावात मी रोज सायकलवर हिंडत असे. लग्न ठरलं तशी आजी म्हणाली, "आता पुरे झाली ती सायकल." ती माहेरच्या गोठ्यात गेली, गोठ्यातून भंगारात गेली. पुढं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं लेकीकडे फ्लॉरेन्सला गेलो होतो. एका संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या कियांतीत जाऊ. सायकली भाड्यानं मिळतात." हे म्हणाले, "अगं, आईला कुठं येते सायकल?" मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "येते की."

कियांती म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला टेकड्यांचा मुलूख. आपल्या सह्याद्रीसारखे कडे तिथं नाहीत. वाळत घातलेल्या चादरीला वारा लागावा, तशी जमीन वर-खाली होत गेलेली असते. चढावर ओकची रानं, उतारावर ऑलिव्हची चंदेरी झाडं, आणि बाकी सगळीकडे द्राक्षं. मी तासगावची; द्राक्षमळ्याचं मला काय कौतुक? पण आपल्याकडे वेल मांडवावर चढवतात आणि आपण सावलीत उभ्या राहून घड काढतो. तिथं वेल तारेवर, छातीपर्यंतच्या उंचीच्या रांगांत. तोडणी नुकतीच उरकली होती आणि पानं तांबूस पडायला लागली होती.

गायोले हे त्यातलं एक लहानसं बाजाराचं गाव. तिथून निघालं की डांबर मध्येच संपतं आणि पांढरा रस्ता सुरू होतो. 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढरे रस्ते, असंच नाव आहे त्यांना. चुनखडीची बारीक खडी दाबून केलेले, उन्हात डोळे दिपवणारे. पूर्वी बैलगाड्या याच वाटांनी जात. पुढं एकेका रस्त्यावर डांबर पडू लागलं, तेव्हा गायोलेच्या जानकार्लो ब्रोची या गृहस्थांनी ते वाचवायला एक युक्ती काढली. १९९७ साली ९२ जणांना गोळा करून त्यांनी जुन्या सायकलींची फेरी काढली. 'लेरोइका' तिचं नाव. आता ऑक्टोबरात या फेरीसाठी हजारो लोक येतात. सायकल १९८७ सालची किंवा त्याआधीची हवी, असा नियम आहे. आजोबांच्या काळची लोकरी जर्सी घालून मंडळी निघतात. या फेरीचा २०९ किलोमीटरचा मार्ग पाट्या लावून वर्षभर खुला ठेवलाय. आपण त्यातला झेपेल तेवढा तुकडा घ्यावा. आम्ही वीस-पंचवीस किलोमीटरांचा घेतला.

ह्यांनी बॅटरीची सायकल घेतली, मी साधी घेतली. साधी म्हणायची एवढंच! टायर चांगले जाड, गिअर इतके की कोणता कशाला हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. पण पहिले दहा हात डगमगले आणि मग, काय सांगू, पायांना सगळं आठवलं.

आधी व्हेर्तीनेला गेलो. गायोलेच्या डोक्यावरच हे तटबंदीचं गाव आहे. वेशीला दगडी बुरूज, आत पन्नास पावलांत संपणाऱ्या गल्ल्या, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, आणि दोरीवर वाळणारे कपडे. एवढं जुनं गाव, पण चिमटे आपल्यासारखेच लाकडी! आत एक चक्कर मारून निघालो, आणि पुढं खडीच्या उतारावर मी पडले.

चूक माझीच होती. लेकीनं बजावलं होतं, सुट्या खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबू नकोस, चाक अडकून घसरतं. मी घाबरले आणि नेमका तोच दाबला. कोपर सोललं, गुडघा खरचटला. हे धावत आले, पाण्यानं जखम धुतली, रुमाल बांधला आणि म्हणाले, "आता पुरे झाली सायकल. गाडीत बसायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोपरासाठी नव्हतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी म्हटलं, "तुम्ही बसा गाडीत. मी ब्रोलियोला जाणार." एवढ्या वर्षांत मी ह्यांना असं फारसं बोललेली नाही. लेक दुसरीकडे बघत चेन तपासत बसली. मी निघाले. थोड्या वेळानं मागं बॅटरीच्या सायकलचा गुणगुण आवाज ऐकू आला. बरोबर आले, पण बोलले नाहीत.

ब्रोलियोचा किल्ला गायोलेपासून दहा किलोमीटरांवर आहे. रिकासोली घराण्याकडे तो ११४१ सालापासून. शेवटचा चढ पांढऱ्या खडीचा, दोन्ही बाजूंना सरूची उंच झाडं. निम्म्यात माझा दम गेला. उतरले, सायकल हातात धरून चालले, पुन्हा बसले. वर पोचले तेव्हा समोर स्वच्छ ऊन आणि दूर सिएनाचे मनोरे.

या घराण्यातले बेत्तीनो रिकासोली इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. कियांतीच्या वाइनचं प्रमाणही त्यांनीच ठरवलं, असं सांगतात. त्यांची आणखी एक गोष्ट लेकीनं सांगितली. फ्लॉरेन्सला एका नाचाच्या समारंभात कोणी तरुण त्यांच्या बायकोच्या फार पुढं पुढं करू लागला. बेत्तीनोंनी तिला तिथूनच बग्गीत घातलं आणि नाचाच्याच कपड्यांत, थंडीत, थेट ब्रोलियोला आणून ठेवलं. दंतकथा असेल. पण मी त्या तटावरून खालचा पांढरा रस्ता बघत होते आणि आमचे हे माझ्याकडे बघत होते.

परत आलो तो पोटात कावळे. तिथं दुपारी स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, हे ध्यानात ठेवा. आम्हाला रिबोलिता मिळाली. रिबोलिता म्हणजे 'पुन्हा उकळलेली'. तिथला पाव बिनमिठाचा असतो. तो शिळा झाला की टाकत नाहीत. पांढरे घेवड्याचे दाणे, गाजर, कांदा, सेलरी आणि काळपट पानांचा एक कोबी यांच्या दाट रश्शात तो घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. वरून कच्चं ऑलिव्ह तेल. आपली फोडणीची पोळी काय वेगळी आहे? शाकाहारी असाल तर आधी विचारा, कधी कधी डुकराच्या मांसाचा तुकडा घालतात. आमच्याकडे पालक आणि कोबी मिळून बरी होते, कालच केली होती.

कोणी जाणार असाल तर चार गोष्टी सांगून ठेवते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, जुलै-ऑगस्टात ऊन भाजून काढतं. ओढणी घरी ठेवा, चाकात जाते. अंगाबरोबरची सलवार किंवा ट्रॅक पँट घाला आणि मंगळसूत्र कुडत्याच्या आत. हेल्मेटखाली अंबाडा मावत नाही, मानेजवळ सैल वेणी घाला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं! तिथं वाहनं उजव्या बाजूनं जातात, वळणावर आपला पाय आपोआप डावीकडे ओढतो, तेवढं सांभाळा.

दुसऱ्या दिवशी सिएनाला गेलो. या पांढऱ्या रस्त्यांवर मार्चमध्ये मोठी शर्यत होते, पुरुषांची २००७ पासून, बायकांची २०१५ पासून. बायकासुद्धा शंभराहून जास्त किलोमीटर सायकल मारून येतात. शेवटी सांता कातेरीना नावाची अरुंद दगडी गल्ली चढून मोठ्या चौकात पोचायचं असतं. आम्ही ती गल्ली पायीच चढत होतो. माझ्या पोटऱ्या ठणकत होत्या, कोपरावर पट्टी होती. हे मध्येच भिंतीला टेकून थांबले. कालपासून सायकलीचा विषय निघाला नव्हता.

"इथून सायकलनं चढतात?" त्यांनी विचारलं.

"शर्यतीच्या अगदी शेवटी," मी म्हटलं.

ते थोडा वेळ धापा टाकत राहिले. मग म्हणाले, "तुझी ती तासगावची सायकल... कुठल्या कंपनीची होती गं?"

"ते काही आठवत नाही," मी म्हटलं. "हिरवी होती."